थायरॉईडच्या विकाराची लक्षणे कशी ओळखावीत?

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवानिमित्त आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांस पडला नाही. आमच्याच घरात घडलेली एक चूक मनात सलत आहे. तीच आपणांपुढे मांडतो.

आमच्या थोरल्या वहिनी म्हणजे कामाला वाघ. पुढे पुढे त्या सकाळीच थकू लागल्या. भर उन्हाळ्यात त्यांना शाल लागे. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजकट दिसू लागला, फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. घरच्यांनी 'सुखावल्या' म्हणून थट्टा केली. आणि वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हीही 'वय झाले' म्हणून टॉनिकची बाटली हाती दिली! दीड वर्षाने रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. औषधाने काही महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. पण त्या एकदा म्हणाल्या, "भावोजी, मला वाटे, मीच कामचुकार झाले." हे शब्द आम्ही विसरलो नाही.

गळ्यात कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. पाठ्यपुस्तकात तिला अवटुग्रंथी म्हणतात, घरोघर थायरॉईड. चुलीची आच कमीजास्त करावी, तसे हिचा रस शरीराच्या व्यवहाराचा वेग राखतो.

आच मंदावली की थकवा, थंडी सोसेनाशी होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, विसराळूपणा, उदासी, मंद नाडी, वजनात वाढ आणि स्त्रियांत मासिक पाळीचा अतिस्राव ही लक्षणे दिसतात. आच भडकली की सारे उलट: भूक चांगली असूनही वजन घटते, छातीत धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, उकाडा सोसत नाही, शौचास वारंवार होते, स्वभाव चिडका बनतो; काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. वृद्धांत मात्र यांतले एखादेच लक्षण दिसते. कधी नुसती अनियमित नाडी.

यांपैकी कोणतेही एक लक्षण म्हणजे थायरॉईडच, असे नव्हे. रक्तक्षयानेही थकवा येतो. परंतु तीनचार लक्षणे एकत्र आली व आठवडेच्या आठवडे टिकली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ताची टीएसएच तपासणी करावी. ग्रंथी मंदावली की बहुधा हा आकडा वाढतो, भडकली की उतरतो. आरशापुढे मान किंचित उंचावून पाण्याचा घोट घ्यावा. गिळताना गळ्यात वरखाली सरकणारी गाठ दिसल्यास दाखवावी.

पूर्वी या विकारांचे मोठे कारण आयोडीनची उणीव हे होते. १९५६ साली हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि गलगंडाचे प्रमाण घटले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे व ते झाकून ठेवावे. तरीही विकार होतो. कारण शरीराची संरक्षक यंत्रणाच कधी ग्रंथीवर उलटते. १९१२ साली जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी ज्याचे वर्णन केले, तो विकार याच जातीचा. घरात कोणाला असेल, तर लेकींनी अधिक सावध असावे. स्त्रियांत याचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ आहे.

मंदावलेल्या ग्रंथीची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांस कळवावे, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर विसंबून असते. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचा थेंब तपासून घ्यावा. वेळीच उपचार झाल्यास मतिमंदत्व टळते. भडकलेल्या ग्रंथीचे औषध चालू असता ताप व घसादुखी उद्भवल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

धर्मादाय म्हणजे केवळ देणगी नव्हे. घरातील थकलेल्या माणसास आळशी म्हणण्यापूर्वी 'तुला काय होते?' असे विचारणे, हाही धर्मच. आम्ही तो दीड वर्ष उशिरा केला. आपण तरी उशीर करू नये, एवढीच विनंती.