मागच्या सीटची पाठ: कमी खर्चात बॅकरेस्ट कसा निवडावा

आजचा विषय छोटा वाटेल, पण गेल्या महिन्यात तिघांनी मला हेच विचारलं. क्रूझर बाईक आहे, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला काही नाही, आणि खिसा फार हलका करायचा नाही. काय करायचं? मी मेकॅनिक नाही, कोड लिहून पोट भरतो. पण या बाबतीत एकदा चुकलोय, म्हणून बोलतोय.

माझी बाईक मीटिओर ३५०, फायरबॉल. २०२० साली ही गाडी आली तेव्हा तिचे तीन प्रकार होते: फायरबॉल, स्टेलर आणि सुपरनोव्हा. वरच्या दोघांना कंपनीकडूनच बॅकरेस्ट होता, फायरबॉलला नव्हता. मी सेकंडहँड घेतली, त्यात पैसे वाचले म्हणून खूश होतो. मागे कोण बसणार, हा विचारच डोक्यात नव्हता.

मागे बसणार होती आई. आमचं गाव वाईकडे. बाबा गेल्यापासून आई महिन्यातून एकदा घर उघडून यायला जाते. पहिल्यांदा तिला बाईकवरून नेलं तेव्हा साडी, एका बाजूला बसलेली, उजवा हात माझ्या खांद्यावर. बाबांच्या स्कूटरवर ती तीस वर्षं तशीच बसली होती. पण स्कूटरची सीट लांब आणि सपाट. क्रूझरची मागची सीट आखूड असते, आणि पुढे माणूस ऐसपैस बसलेला. खंबाटकीच्या चढाला गिअर टाकला की आई मागे सरकायची. मला खांद्यावरची पकड घट्ट झालेली कळायची, बाकी काही नाही.

पुढच्या महिन्यात म्हणाली, "तू कशाला दगदग करतोस? एसटीच बरी." मला वाटलं, माझी काळजी करतेय. दोन महिन्यांनी ताईने सांगितलं, "अरे, तिला भीती वाटते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही." हे ऐकून कसं वाटतं ते सांगत बसत नाही. तुम्हाला कळलं असेल.

मग मी काय केलं? रात्री अकरा वाजता फोनवर सगळ्यात स्वस्त दिसला तो 'युनिव्हर्सल' बॅकरेस्ट मागवला. साडेतेराशे रुपये. चकाचक क्रोम, जाड गादी. स्वतःच बसवला. आई बसायच्या आधी महिना-दीड महिना मित्रांना मागे बसवून फिरलो. एका रविवारी गाडी धुताना पाहिलं, तर खालच्या पट्टीला वेल्डिंगपाशी केसाएवढा तडा. आई मागे असताना घाटात तो तुटला असता तर? टेकायला काही नसेल तर माणूस निदान धरून बसतो. टेकायला आहे म्हटल्यावर तो हात सोडतो. म्हणजे कच्चा बॅकरेस्ट हा बॅकरेस्ट नसण्यापेक्षा वाईट.

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचं आहे. समजा मागचा माणूस ३० किलोच्या जोराने मागे रेलला, आणि गादी बोल्टांपासून ३० सेंटीमीटर वर आहे. पुढच्या आणि मागच्या बोल्टात अंतर १० सेंटीमीटर असेल, तर बोल्टांपाशी तो रेटा तिप्पट होतो, ९० किलोच्या आसपास. खड्ड्यात त्याहून जास्त. हेच अंतर २० सेंटीमीटर असेल तर ४५. म्हणून गादी किती मऊ आहे हे शेवटी बघा. आधी खालची पट्टी किती जाड, बोल्ट किती लांब अंतरावर, आणि वेल्डिंग कसं आहे ते बघा.

माझ्यापुढे मग तीन पर्याय होते.

पहिला, कंपनीचा नवीन. त्याच गाडीसाठी बनवलेला, कुठे ड्रिल मारावं लागत नाही. मला बसवण्यासकट पाच हजारांच्या आतबाहेर सांगितले.

दुसरा, फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणं. मला २,८०० सांगितले. कारागीर चांगला असेल तर हे काम उत्तम होतं, उंचीही आपल्या माणसाच्या मापाने ठेवता येते. एकच अट: गाडीच्या चासीला वेल्डिंग करू द्यायचं नाही. सगळं बोल्टावर बसलं पाहिजे.

तिसरा, कॅरिअर लावून त्यावर गादीवाली टॉप बॉक्स. सामानही राहतं, म्हणून मोह होतो. पण कॅरिअर सामानाचं वजन पेलायला असतो, माणसाच्या पाठीचा रेटा घ्यायला नाही. मी तो सोडला.

शेवटी चौथाच मार्ग सापडला. ओळखीतल्या एकाने लांबच्या प्रवासासाठी मोठी सीट बसवली होती, त्याचा कंपनीचा जुना बॅकरेस्ट पडून होता. २,२०० रुपयांत मिळाला. नवीन बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि नायलॉकचे नट घातले, त्याचे शंभर-दीडशे. म्हणजे पहिले साडेतेराशे वाया गेले नसते तर मी केव्हाच मोकळा झालो असतो.

काही गोष्टी लक्षात ठेवा. बॅकरेस्ट लावताना धरायची पकड काढून टाकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागच्या माणसाला धरायला काहीतरी असावंच लागतं. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा. मागच्या शॉकचा प्रीलोड आणि टायरची हवा दोन माणसांच्या हिशोबाने ठेवा. आणि गाडीवर चढताना पाय मागून फिरवायची सवय मोडा. मी पहिल्याच दिवशी बॅकरेस्टला लाथ घातली, सोसायटीच्या वॉचमनसमोर.

सगळ्यात महत्त्वाचं: एका बाजूला बसणाऱ्याच्या पाठीला बॅकरेस्टचा काही उपयोग नाही. तो दंडाला लागतो, मागे सरकणं थांबवतो, एवढंच. हे आईला कसं सांगायचं, हा माझ्यापुढे बोल्टापेक्षा मोठा प्रश्न होता. मी नुसता बॅकरेस्ट दाखवला आणि गप्प बसलो. तिने हाताने दाबून पाहिला, हलवून पाहिला. पुढच्या शनिवारी ताईचा पंजाबी ड्रेस घालून, हेल्मेट हातात घेऊन खाली उभी. म्हणाली, "हसायचं नाही."

खंबाटकीत या वेळी खांद्यावर हातच नव्हता. मी घाबरून विचारलं, "आई, बसलीयेस ना नीट?" मागून उत्तर आलं, "तू पुढे बघ."

तर मंडळी, घेण्याआधी मागच्या माणसाला एकदा विचारा, तुला भीती वाटते का? भेटू पुढच्या भागात.