चित्रातला उजेड



सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या बाईचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते रविवर्म्याचे समजतात. त्यासाठी उभी राहिली ती हळदणकरांची कन्या.

बाई हसत नाही, रडतही नाही. मागे सारा काळोख. दिव्याआड धरलेली बोटे मात्र तांबूस पेटलेली, तोच उजेड चेहऱ्यावर. जलरंगात उजेडाच्या जागी रंग पातळ ठेवतात, खालचा कागदच उजळतो. दिवा विझेल ही धास्ती काळोखात, टिकेल ही आशा बोटांत, असे मला वाटते. पलूसला सांजवेळी वारा सुटला, की तुळशीपुढे दिवा नेताना आपली बोटेही तशीच लाल दिसतात. आज जाताना पाहा बरे!