मागायला आलेली मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. विषय मीच निवडला, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती चारचौघींत सांगावी असे फार दिवस मनात होते.

मागच्या वर्षी मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी माझ्याकडे उद्यापनाचे हळदीकुंकू होते. पाचसहा जणी बसल्या होत्या, तेवढ्यात आपल्या वेल्ह्याच्याच एका वाडीवरची मुलगी दारात येऊन उभी राहिली. नाव सांगत नाही. तुम्ही बहुतेक जणी तिला ओळखता. वय सतरा. हातात एक वही. म्हणाली, "काकू, मला उन्हाळ्यात उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला जायचंय. अठ्ठावीस दिवसांचा वर्ग आहे. फी, रेल्वेभाडं, बूट, गरम कपडे सगळं धरून तीस हजार लागतील. आमच्या घरचा इंद्रायणी विकतेय. मंडळातल्या बायका घेतील का?"

मी काय म्हणावे? म्हटले, "अगं, लग्नासाठी आली असतीस तर सगळ्यांनी मिळून काही केलं असतं. डोंगर चढायला कशाला पैसे? तोरणा आहे की दारात!"

बायका हसल्या. तीही थोडी हसली, हळदीकुंकू घेतले आणि गेली. तांदूळ घ्यायचा की नाही, याचे उत्तर मी दिलेच नव्हते.

रात्री भांडी आवरताना ते बोलणे माझे मलाच लागले. ती देणगी मागायला आलीच नव्हती, विकायला आली होती. आणि लग्न म्हटले की आपण न मागता आहेर करतो, भिशी मोडून देतो, वेळेला कर्जही काढतो. तिथे 'कशाला' असे कोणी विचारीत नाही.

माझे माहेर भाटघरच्या पाण्याकाठचे. सातवीनंतरची शाळा पलीकडच्या तीराला होती. होडीने रोज कोण सोडणार, म्हणून मी घरी बसले. कोणाच्या दारी जाऊन मागावे, असे सुचलेही नाही. सुचलेल्या पोरीला मीच हसून परत लावली.

आमच्या धाकट्याने मग पुस्तकातून आनंदीबाई जोशांची हकिगत वाचून दाखवली. डॉक्टरीण म्हणून नाव आपल्याला ठाऊक असते, पण त्या अमेरिकेला गेल्या कोणाच्या पैशावर, हे मी कधी विचारले नव्हते. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, वयाची अठरा पुरी व्हायच्या आत, त्या भरसभेत उभ्या राहिल्या. अमेरिकेला का जाते, ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगितले. दहा दिवसांचे मूल गेलेली ती बाई! त्यानंतर लोकांकडून मदत येऊ लागली. व्हाइसरॉयनेही दोनशे रुपये दिले. आणि 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. 1886 साली पदवी मिळाली आणि पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या हो. तो भाग ऐकताना मला पदर डोळ्याला लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. चढ मला झेपत नाही, दोनदा बसले. मुलीची आई शेण काढीत होती. तिने आधी पाणी दिले, मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही तिला समजावायला आलात ना? बापसुद्धा नाही म्हणतोय." मी म्हटले, वही बघायला आले.

वही पाहण्यासारखी होती. पावसाळ्यापासून दर रविवारी तोरण्याच्या वाटेवर ताक विकले, त्याचा हिशेब. दूध घरचे, तरी आईला दुधाचे पैसे मोजून दिलेले. पुण्याची मुले गड चढायला येतात, त्यांच्यातल्याच कोणी तिला या संस्थेचे नाव सांगितले. पंडित नेहरूंच्या नावाची ही संस्था 1965 सालची आहे. 1984 साली एव्हरेस्टवर पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय बाई बचेंद्री पाल तिथेच शिकल्या. त्यांचे गावही उत्तरकाशीकडचेच. मुलगीपणी त्या कपडे शिवून शिक्षणाचा खर्च काढीत. मुलीला हे सारे पाठ होते.

बापाची अडचण वेगळी होती, पैशाची नव्हे. "महिनाभर पोर परक्या मुलखात. काही झालं तर लोक मला विचारतील." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, मलाही तीच भीती होती. शेवटी पुण्याहून जाणाऱ्या दोन मुलींच्या घरी तो स्वतः जाऊन आला, तेव्हा कुठे होकार दिला.

मंडळाच्या बैठकीत वाद झाला, तो तुम्हाला आठवतच असेल. एकीला दिले की दहा येतील, असे म्हणणाऱ्या भगिनीही चुकीच्या नव्हत्या. त्यावेळी मी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे सांगितले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी आपले घर सात हजारांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि मग कुस्त्या घेऊन ते घर सोडवून दिले, असे सांगतात. आपण काही घर गहाण टाकत नव्हतो. ठरले ते इतकेच, की तांदूळ बाजारभावाने सगळ्यांनी घ्यायचा आणि कमी पडेल ती रक्कम बिनव्याजी उसनी द्यायची. सतरा जणींनी तांदूळ घेतला. दोघींनी घेतला नाही, आणि त्यांच्याशी माझे बोलणे अजून पूर्वीसारखेच आहे.

मे महिन्यात ती गेली. पहिले आठ दिवस फोन नाही. तिची आई रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसे. दोघी काही बोलत नसू. परत आली तेव्हा नाकाची सालटी निघालेली आणि ओठ फुटलेले. बर्फावरून घसरली तर कुऱ्हाडीने स्वतःला कसे अडवायचे, ते तिने आमच्या पडवीत पालथे पडून दाखवले. सासूबाई घाबरून देवघरात गेल्या.

तिला 'अ' श्रेणी मिळाली, म्हणजे पुढच्या वर्गाला जाता येते. उसन्या पैशांतले निम्मे तिने दिवाळीपर्यंत फेडले. वही कोषाध्यक्षीणबाईंकडे आहे, कोणीही पाहावी. पुढच्या वर्गाचा खर्च पुन्हा तसाच आहे. यंदाचा तांदूळ झोडून झाला आहे. ज्यांना पाच-दहा किलो हवा असेल त्यांनी तिळगूळ घेऊन उठायच्या आधी माझ्याजवळ नाव लिहून द्यावे. ती मुलगी मागच्या रांगेत बसली आहे. आज तिला दारोदार पाठवायचे नाही, असे मी तिच्या आईला सांगून आले आहे.