राजांची नावे आणि विणकरांचे व्याज



प्राचीन काळच्या बलाढ्य राजांविषयी काही सांगावे, अशी व्याख्यानमालेच्या चालकांची सूचना आहे. बलाढ्य राजे म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम मिसर देशाचे फॅरो उभे राहतात. त्यांतला दुसरा रामसेस हा सर्वांत नामांकित. इ. स. पू. १२७९ ते १२१३ अशी सहासष्ट वर्षे तो गादीवर होता. कादेश येथे हित्ती लोकांशी त्याची मोठी लढाई झाली. निकाल धड कुणाच्याच बाजूने लागला नाही. पण परत आल्यावर त्याने देवळामागून देवळाच्या भिंतींवर आपला विजय कोरवून घेतला. पुढे त्याच हित्तींशी त्याला बरोबरीच्या नात्याने तह करावा लागला. त्या तहाची हित्तींच्या दप्तरातील प्रत मातीच्या पाटीवर लिहिलेली सापडली आहे. दोन्ही बाजूंचे कागद हाती आले म्हणजे भिंतीवरचा ताठा थोडा उतरतो, तो असा.

त्याच देशात रामसेसच्या दोनशे वर्षे आधी हात्शेप्सुत नावाची राणी होऊन गेली. ती नुसती पालक म्हणून नव्हे, तर पूर्ण राजा म्हणून राज्य करीत होती. तिच्या मागून आलेल्या तिसऱ्या थुतमोसने आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात तिचे नाव ठिकठिकाणी छिन्नीने खरवडून काढले. कर्नाकच्या देवळात तिने उभारलेले उंच पाषाणस्तंभ पाडणे सोपे नव्हते, म्हणून त्यांच्याभोवती भिंत घातली. आणि गंमत अशी की, त्या भिंतीआड राहिल्यामुळेच खालचे कोरीव काम ऊनवाऱ्यापासून बचावले. पुसण्यासाठी जे केले त्यानेच ते राखले गेले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण हाच खेळ आपल्याकडेही झालेला आहे.

आपल्याकडे म्हणजे सातवाहनांच्या राज्यात. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. कोकणातून वर येणारा व्यापारी तांडा तेथे विसावत असे. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. तिचा पती सातकर्णी याच्या राजवटीत झालेल्या यज्ञांची, दोन अश्वमेध आणि एक राजसूय यांची, आणि हजारांच्या हिशेबाने दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांची ती यादी आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील मंडळींच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्ती नाहीत. वर कोरलेली नावे आहेत, खाली पावलांच्या खुणा आहेत, आणि मधला राजा नाहीसा झाला आहे! मुलांना राजवैभव शिकवावयाचे असेल, तर त्यांना एकदा तेथे न्यावे.

या घराण्यातला सर्वांत प्रतापी पुरुष गौतमीपुत्र सातकर्णी. त्याची ओळख आपल्याला होते ती त्याच्या आईकडून. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो तेथे, गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी लेख कोरविला. तोवर मुलगा गेलेला होता. शक, यवन आणि पह्लव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश निर्मूल केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती सांगते. अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, असेही ती सांगते. आईशिवाय हे कोण लिहिणार? चार वर्णांचा संकर त्याने थांबविला, अशीही बढाई तेथे आहे. पण याच घराण्यातील एका राजाची राणी शकांच्या कार्दमक वंशातली होती, हे कान्हेरीच्या लेखावरून कळते. तेव्हा प्रशस्ती वाचावी ती शेजारचे लेण्यातले लेख हाताशी ठेवूनच.

क्षहरातांचा राजा नहपान. गौतमीपुत्राने त्याला जिंकल्यावर काय केले, हे १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे सापडलेल्या नाण्यांनी सांगितले. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, सगळी नहपानाची. आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. चांदी वितळविण्याचा खर्च त्याने केला नाही. जुन्याच नाण्यावर नवा ठसा! पण नीट पाहिले तर नव्या छापाखालून नहपानाचा चेहरा आणि त्याच्या नावाची अक्षरे डोकावतात. कर्नाकची भिंत आणि जोगलथेंबीचे नाणे ही एकाच जातीची.

आता मी जे सांगणार आहे, ते तुम्हां सोलापूरकरांना विशेष जवळचे वाटेल. त्याच त्रिरश्मी डोंगरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. गौतमीपुत्राने शत्रूची नाणी बदलली, पण हे लेख छिलून काढले नाहीत. ते आजही आहेत. उषवदाताने तीन लाख गाई दिल्या, असे एका लेखात आहे. तो आकडा मी तुमच्या गळी उतरवीत नाही. पण दुसऱ्या एका लेखातील आकडा पाहा. भिक्षुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण कायमचे ठेव म्हणून दिले. ते कुणाकडे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. लेखात शब्द ‘कोलिक’ असा आहे. कोलिक म्हणजे विणकर, मासे धरणारा कोळी नव्हे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा दरशेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा दरशेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, फक्त व्याज खावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी.

हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस; वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की दोनशे चाळीस! एक कवडी इकडची तिकडे नाही. आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला, असेही कोरलेले आहे. राजाचा जावई आपली ठेव सैन्याकडे ठेवीत नाही, कोठारात ठेवीत नाही, विणकरांकडे ठेवतो. माग चालत राहील, याची त्याला खात्री होती. ज्या गावात साळी, कोष्टी, पद्मशाली यांचे माग पिढ्यान् पिढ्या चालले, आणि ज्या गावाने १८७७ साली उभी राहिलेली जुनी गिरणी पाहिली आणि ती बंद पडलेलीही पाहिली, त्या गावाला या ओळींचे मोल वेगळे सांगावयास नको.

मिसरमध्येही असेच आहे. तिसऱ्या रामसेसने शत्रूंचा कसा संहार केला, हे त्याच्या देवळाच्या भिंती सांगतात. त्याच्या एकोणतिसाव्या वर्षी राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांना धान्याचा वाटा वेळेवर मिळाला नाही, म्हणून त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते देवळांपाशी जाऊन बसले. ही हकीकत एका लेखकाने पपायरसवर टिपून ठेवली. ती आज इटलीतील तुरिन येथे आहे. संपाची नोंद म्हणून ज्ञात असलेली ही सर्वांत जुनी. भिंती वाचून जे राज्य भरभक्कम वाटते, त्याचे कोठार आतून कसे रिते होत चालले होते, हे त्या कागदाने सांगितले.

मग गौतमीपुत्र मोठा नव्हता काय? होता. पण त्याचे मोठेपण मला तीन समुद्रांपेक्षा एका शेतात दिसते. अठराव्या वर्षी त्याने उषवदाताच्या ताब्यात असलेले काखडी गावचे दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच्या आणि आईच्या नावाने अमात्याला दुसरी आज्ञा गेली: ते शेत कुणी कसत नाही, गावात वस्ती नाही, सबब नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तने त्यांना द्यावीत. आपले दान निरुपयोगी ठरले हे राजाने खडकावर कोरू दिले! रामसेसने कादेशविषयी असे एक वाक्य कोरविले असते, तर?

आणि शेवटी नियतीचा विनोद पाहा. शकांचा नाश करणारे हे घराणे. आणि पाडव्याला आपण पंचांग उघडतो तेव्हा म्हणतो, ‘शालिवाहन शके’. इ. स. ७८ पासूनचा हा काल शक क्षत्रपांनी पिढ्यान् पिढ्या वापरला. गौतमीपुत्र स्वतः आपल्या राज्यवर्षांनीच कालगणना करीत असे. लोकांनी जेत्याचे नाव आणि जितांचे नाव एकाच ओळीत बसवून टाकले, आणि मातीचे सैनिक जिवंत करणाऱ्या कुंभाराच्या पोराची गोष्ट त्याला जोडून दिली.

हे सगळे नाशिक-जुन्नरचे झाले, आमच्याकडे काय, असे कुणी विचारील. आपल्या शेजारचे तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकात मिसरमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहिले. त्या वेळी फॅरोंचे राज्य संपून मिसर रोमच्या हाती गेले होते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल भडोचला जाते, असे तो लिहितो. राजाचे नाव तो तगरच्या संदर्भात घेत नाही, कापडाचे घेतो. तेरला लामतुरे संग्रहालय आहे. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती या गावची. तिच्यासारखीच एक १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली.

आणि भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. आपल्या गावचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यांच्यासारखे खेडोपाडी फिरणारे लोक थोडे, आणि अक्षरे असलेले दगड पुष्कळ. कुठे त्यांना शेंदूर फासलेला असतो, कुठे जीर्णोद्धारात ऑइलपेंट, कुठे पायरी म्हणून उलटे घातलेले. तुमच्या गावच्या देवळात असा दगड असेल, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्याचा एक ठसा कागदावर घ्या आणि वाचणाऱ्या माणसाकडे पाठवा. त्यावर एखाद्या राजाची बिरुदे निघतील; कदाचित कुणा तेल्याने दिव्यासाठी लावून दिलेले पळीभर तेलही निघेल.