शंभर डावांचा पुरावा



गेल्या दिवाळींत माझा पुतण्या मोठ्या उत्साहानें मजकडे आला. बुद्धिबळ खेळणारा एक लहानसा संगणक-कार्यक्रम त्यानें स्वतः लिहिला आहे. दोन्ही उंट शाबूत असलेल्या पक्षाला त्यांत कांहीं अधिक मोल दिलेलें असतें. प्याद्याची किंमत १०० धरली तर तें मोल ३०. त्यानें तें ५० केलें, जुन्या व नव्या आवृत्तींत १०० डाव लाविले, आणि नवी आवृत्ति ५५ विरुद्ध ४५ गुणांनीं सरस ठरली. "काका, सुधारणा सिद्ध झाली!" मीं विचारलें, "दोहोंकडे एकच आवृत्ति बसवून १०० डाव कधीं खेळविले आहेस काय?"

प्रश्न त्याला चमत्कारिक वाटला. पण निम्मे डाव बरोबरींत सुटतात असें धरलें, तर अगदीं सारख्या बळाच्या दोन खेळाडूंतही कोणी तरी एक ५५ किंवा अधिक गुण मिळवून बसतो, असें सुमारें सहा सामन्यांत एकदां घडतेंच. प्राध्यापक आर्पाद एलो यांची गुणांकनपद्धति जागतिक बुद्धिबळ संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. त्या मापानें १०० डावांच्या निकालांत दोन्ही बाजूंस जवळजवळ ५० एलोंची अनिश्चितता असते. आणि एखाद्या चांगल्या बदलाची खरी प्राप्ति असते पांच एलो, पुष्कळदां दोनच! अनिश्चितता निम्मी करावयाची तर डाव चौपट करावे लागतात. म्हणून पांच एलोंसाठीं दहा हजारांच्या घरांत डाव हवेत.

त्यांतही एक मोह आहे. गुणफलकाकडे पाहत बसावें आणि आपली आवृत्ति पुढें गेली कीं सामना थांबवावा. असें केल्यास निरुपयोगी बदलही केव्हां ना केव्हां विजयी ठरतो. यावरचा उपाय अब्राहम वाल्ड या गणितज्ञानें १९४३ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, युद्धसामग्रीच्या तपासणीच्या निमित्तानें शोधला. (हा थोर पुरुष १९५० च्या डिसेंबरांत व्याख्यानांसाठीं भारतांत आला असतां निलगिरींतील विमान-अपघातांत दगावला.) दोन पक्ष आधींच मांडावयाचे: 'लाभ शून्य' आणि 'लाभ पांच एलो'. डाव होतील तसतसें, आलेले निकाल कोणत्या पक्षाशीं किती पट अधिक जुळतात हें मोजीत जावयाचें. एका बाजूला हें प्रमाण एकोणीसपट झालें कीं थांबावयाचें. मग चुकीची शक्यता शेंकडा पांचांच्या आसपास राहते. मर्यादा मात्र मध्येंच बदलावयाची नाहीं.

'स्टॉकफिश' या विख्यात कार्यक्रमासाठीं गॅरी लिन्स्कॉट यांनीं २०१३ सालीं 'फिशटेस्ट' उभारलें, त्यांत हीच रीत आहे. स्वयंसेवक आपापलीं यंत्रें डावांसाठीं उसनीं देतात. बळ वाढविण्यासाठीं सुचविलेला बदल प्रथम अल्प वेळाच्या डावांत आणि तेथें टिकल्यास अधिक वेळाच्या डावांत पारखला जातो. कारण घाईंत लाभणारी युक्ति सावकाश विचारांत निरुपयोगी ठरूं शकते.

डावांची मांडणीही निर्दोष हवी. प्रत्येक आरंभस्थिति दोनदां, रंग बदलून खेळवावी. यंत्रावर त्या वेळीं दुसरें काम नसावें. आमच्या चिरंजीवांच्या यंत्रावर सामना चालू असतांना चित्रपटही चालू होता!

अनेक आंकडे एकदम जुळवावयाचे असल्यास जेम्स स्पॉल यांची युक्ति आहे. सर्व आंकडे यदृच्छेनें थोडे वरखालीं सरकवावे, प्रतिस्पर्ध्याचे नेमके उलट सरकवावे, आणि जो जिंकेल त्याच्या दिशेनें किंचित् पाऊल टाकावें; असें हजारों वेळां. येणारें उत्तर मात्र पुन्हां स्वतंत्र परीक्षेस बसवावें.

पुतण्यानें उंटांचा सामना नव्यानें लाविला. अकराव्या रात्रीं, बारा हजारांवर डाव झाल्यावर, 'लाभ शून्य' हा पक्ष ठरला, आणि ५० चे पुन्हां ३० झाले. तो दोन दिवस घुम्यासारखा होता. सध्यां त्याच्या खोलींतलें यंत्र रात्रभर घरघरतें. मोकळ्या पट्टींतील हत्तीला किती मोल द्यावें, याचे डाव चालू आहेत.