अंतराळातील एक बिघाड आणि त्याचा शोध

श्रोतेहो, गाडीचा आस करकरू लागला की जाणता शेतकरी बैलाला दोष देत नाही; तो खाली उतरून चाकापाशी वाकतो. आज मी आपणाला अशाच एका करकरणाऱ्या आसाची हकिगत सांगणार आहे. मात्र हा आस जमिनीवरचा नव्हे, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा!

हे स्थानक सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. त्याला वीज मिळते ती सूर्यप्रकाश झेलणाऱ्या पंखांपासून. सूर्यफुलासारखे हे पंख सूर्याकडे तोंड करून राहावेत, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक फिरता सांधा बसवला आहे. सांध्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे पोलादी कडे आणि त्यावरून धावणाऱ्या रुळांचे १२ संच असतात. उजवा सांधा २००७ च्या जूनमध्ये बसला आणि सप्टेंबरातच थरथरू लागला. त्याची मोटार नेहमीपेक्षा जास्त वीज ओढते, असे जमिनीवरच्या तंत्रज्ञांना दिसले. आता वीजच आटली, तर स्थानकाचे पुढचे काम कसे चालायचे?

२८ ऑक्टोबर २००७ रोजी डॅनियल टानी यांनी बाहेर जाऊन सांध्याचे एक झाकण उघडले. आत धातूचा कीस! चिकटपट्टीवर त्यांनी तो टिपून आणला. आवरणाचा पत्रा घासला असेल, अशी पहिली शंका. पण ते आवरण अ‍ॅल्युमिनियमचे, आणि हा कीस तर लोहचुंबकाला चिकटला! म्हणजे घासत होते ते पोलादच. दोनच दिवसांनी स्कॉट पॅराझिन्स्की यांनी डावा सांधा उघडून पाहिला. तो स्वच्छ होता. शिक्षकबंधूंनो, हे ध्यानात घ्या: बिघडलेल्या वस्तूशेजारी चांगली वस्तू ठेवून पाहिली, की निम्मे कोडे सुटते.

डिसेंबरात पेगी व्हिट्सन आणि टानी यांनी पुन्हा तपासणी करून रुळांचा एक संच काढून आणला. पुढे तो पृथ्वीवर तपासला गेला. तेव्हा मूळ कारण उमगले. निर्वातात साधे तेल टिकत नाही, म्हणून रुळांवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. तेच सुके वंगण. ते अपुरे पडले, घर्षण वाढले, रुळांचा दाब कडेवर आला आणि कड्याच्या कठीण पृष्ठभागाचे पापुद्रे निघाले. एवढ्या मोठ्या यंत्राचे घोडे अडले ते वंगणापाशी!

मधल्या काळात तो सांधा बेताबेतानेच फिरवला गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर, स्टीव्ह बोवेन आणि शेन किम्ब्रो यांनी कडे पुसले, खास ग्रीस लावले आणि रुळांचे ११ संच बदलले. त्यात पायपरबाईंच्या पिशवीत ग्रीस सांडले. ते पुसता पुसता पिशवीच हातची निसटून अंतराळात गेली. पण जोडीदाराच्या पिशवीतली हत्यारे वाटून घेऊन काम पुरे झाले. चांगल्या असलेल्या डाव्या सांध्यालाही वंगण दिले, बरं का! सांधा पुन्हा सुरळीत फिरू लागला.

तेव्हा मंडळी, पंप बंद पडो की शाळेतले एखादे उपकरण, आधी ठोकाठोकी नको. पाहावे, नमुना घ्यावा, ताडून बघावा. मगच पाना हाती धरावा.