तांब्याची चकली

आज आम्ही चकलीबद्दल बोलणार आहोत. पण भाजणीच्या नाही, तांब्याच्या.

आमचा नाशिकचा बचत गट पंधरा जणींचा. दिवाळीला चकली, शेव, अनारसे आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया, ही आमची मूळ कामं. गटातल्या दोघींच्या मुली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आल्या आणि अंबड-सातपूरकडून सोल्डरिंगचं काम घरी आणू लागल्या. बघता बघता आम्हीही सहा जणी ते शिकलो. तेवढ्यात शाळांना विज्ञानाची खेळणी पुरवणारे एक सर भेटले. त्यांना एक छोटा हिरवा बोर्ड हवा होता. दुसऱ्या बोर्डावर नुसता धरला की त्याच्यावरचा दिवा लागला पाहिजे, ना तार, ना सेल. असे ४० बोर्ड. गटाच्या बचतीतून १२,००० रुपये अंतर्गत कर्ज काढलं.

हा दिवा लागतो तो वेटोळ्यामुळे. बोर्डावर तांब्याचा अगदी पातळ थर असतो, साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही बारीक. नको तिथलं तांबं धुऊन काढायचं आणि हवी ती रेघ ठेवायची. ही रेघ गोल गोल फिरवली की कॉइल तयार होते. खालच्या कॉइलमधली वीज भराभर दिशा बदलते आणि वरच्या कॉइलमध्ये वीज उमटते. मशीनला नुसतं टेकवायचं बँकेचं कार्ड असंच चालतं. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट छापतात ना, त्यातल्या नव्या ई-पासपोर्टातही चिपसोबत अशीच तांब्याची तार लपलेली असते.

बोर्डाचं चित्र मुलींनी कायकॅडमध्ये काढलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जाँ-पिएर शारा नावाच्या फ्रेंच माणसानं १९९२ साली ते सुरू केलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे आहेत, मुलींनी सुरुवात तिथूनच केली. पण कायकॅडमध्ये रेघेचं बटण आहे, वर्तुळाचं आहे, कमानीचं आहे, चकलीचं नाही. मग मुलींनी माउस धरून तुकड्या-तुकड्यानं गोल फिरवत नेलं. पडद्यावर छान दिसत होतं. तपासणीचं बटण दाबलं, चूक शून्य. बोर्ड बनून आले. मीटर लावला, दोन्ही टोकांत पीं वाजलं. आम्ही दिवे सोल्डर केले.

४० पैकी २३ लागलेच नाहीत.

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. हातानं काढलेल्या रेघेत कुठे दोन वेढ्यांत भरपूर जागा, कुठे इतकी कमी की तांबं तांब्याला चिकटलेलं. असा वेढा स्वतःतच बंद होतो, आणि दिव्याकडे जायची वीज तिथेच फिरत बसते. मग सॉफ्टवेअरनं चूक का दाखवली नाही? कारण त्याच्या लेखी ती सगळी एकच तार. दोन वेगळ्या तारा जवळ आल्या तर ते ओरडतं. एकच तार स्वतःला शिवली तर त्याला त्यात वावगं काही दिसत नाही. मीटरलाही नाही, टोकाला टोक जोडलेलंच आहे की. बोर्ड बनवणाऱ्यांचीही चूक नव्हती. त्यांनी आम्ही दिलं तेच छापलं.

बैठकीत बरंच ऐकावं लागलं. निम्म्या जणींचं म्हणणं, आपण आपल्या चकल्याच कराव्यात. रागातच होतं ते, पण त्यातूनच वाट निघाली. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, "मग करा ना चकलीच. सोऱ्यातून पडणारी तार सगळीकडे सारखीच जाड, म्हणून वेढेही सारखेच बसतात. तुम्ही डोळ्यांच्या अंदाजानं कशाला फिरवता?"

मुलींनी हे गणितात बसवलं. एक पूर्ण फेरा झाला की ठरलेलंच अंतर बाहेर सरकायचं, कमी नाही, जास्त नाही. या वक्राला आर्किमिडीजचं नाव आहे, त्यानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी त्यावर ग्रंथ लिहिला. शंखाचं वेटोळं वेगळं, त्यात वेढ्यांमधली जागा वाढत जाते. आम्हाला चकली हवी होती. फरक एवढाच, की खायच्या चकलीत वेढा वेढ्याला चिकटला तरी चालतं.

आमचा हिशोब असा. मधून ५ मिलिमीटरवर सुरुवात. दर फेऱ्याला दीड मिलिमीटर बाहेर. त्यात १ मिलिमीटर तांबं आणि अर्धा मिलिमीटर मोकळी जागा. दहा फेरे झाले की मधापासून २० मिलिमीटरवर पोचतो. एवढ्याशा बोर्डात जवळजवळ ७८ सेंटिमीटर तार बसते! फेरा ३६० अंशांचा. दर ५ अंशांवर एक ठिपका घ्यायचा, म्हणजे फेऱ्याला ७२ तुकडे, आणि दर ठिपक्याला मिलिमीटरचा अठ्ठेचाळिसावा भाग बाहेर. ते अंतर कोसाइननं गुणलं की आडवं माप मिळतं, साइननं गुणलं की उभं. अशा ७२० बारीक सरळ रेघा पायथॉनच्या दहा-बारा ओळींनी कायकॅडकडून काढून घेतल्या.

वक्र म्हणायचं आणि सरळ रेघा काढायच्या, ही फसवणूक नाही का? आम्हीही विचारलं. सगळ्यात बाहेरच्या फेऱ्यावर ५ अंशांची सरळ रेघ खऱ्या वक्रापासून फार तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागानं हटते. ३० अंशांची घेतली असती तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हटली असती आणि चकलीला कंगोरे आले असते. ही रीत काही परकी नाही. साइनला आपल्याकडे ज्या म्हणतात, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी ज्या दिल्या आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. नाशिकहून लांब नाही ते.

पहिल्या प्रयत्नात चकली आलीच नाही, कोळ्याचं जाळं आलं. पायथॉन कोन अंशात मोजत नाही, रेडियनमध्ये मोजतं. ५ अंशांऐवजी ते ५ रेडियन, म्हणजे २८६ अंशांच्या उड्या मारत होतं. दुसऱ्यांदा पडदा कोराच. खूप मोठं करून पाहिलं तेव्हा कोपऱ्यात धुळीच्या कणाहून बारीक ठिपका! कायकॅड आतून नॅनोमीटरमध्ये मोजतं. आम्ही लिहिलेल्या २० चे त्यानं २० नॅनोमीटर केले होते. तिसऱ्यांदा मात्र चकली उमटली. फिरत होती उलटी, कारण त्याचा उभा अक्ष खालच्या दिशेनं वाढतो. एका बाजूच्या कॉइलला त्यानं बिघडत नाही, तशीच ठेवली.

मावशींनी छापलेला कागद हातात घेतला आणि विचारलं, "बाहेरचं टोक दिसतंय. मधल्या टोकानं बाहेर कुठून यायचं?" मुलींनी तिथे तांब्याचा मुलामा दिलेलं भोक ठेवलंच होतं. त्यातून तार मागच्या बाजूला उतरते आणि सरळ बाहेर येते. पण विचारलं मावशींनीच, बाकी आम्हा कोणालाच सुचलं नाही.

गटानं आणखी ६,००० द्यायचे का, यावर हात वर करून मत घेतलं. आठ विरुद्ध सात. आधीचे चांगले १७ होतेच, म्हणून २३ च नवे करून घेतले. या वेळी सोल्डरिंगच्या आधी भिंग फिरवलं. २३ पैकी २३ दिवे लागले. सरांना बोर्ड महिनाभर उशिरा मिळाले, त्यांनी पैसे थोडे कापले. १८,००० पैकी १५,००० फिटले आहेत, उरलेले ३,००० फराळाच्या पैशातून फेडणार आहोत. विरोधात हात वर करणाऱ्या सात जणींपैकी दोघी आता भिंग घेऊन बसतात. सरांनी पुढचा बोर्ड दोन्ही बाजूंना कॉइल असलेला मागितला आहे. त्यात मागची चकली पुढून पाहता आरशातल्यासारखी उलटी लागते, नाहीतर दोन्ही कॉइल एकमेकींचं काम पुसून टाकतात. म्हणून या वेळी आम्ही आधी दोन पारदर्शक कागदांवर ती काढली आहे, आणि कागद मावशींकडे दिला आहे.